क्यूएमूचं एस३९० सीपीयू टोपोलॉजी फीचर: चालू गेस्टला धक्का न लावता प्रोसेसरचा बदल कसा कळवावा, ते इथे बघा

व्हर्च्युअल मशीनला बूट होताना "तुझे प्रोसेसर असे असे बसलेत" हे सांगणं फार कठीण नाही, सगळेच हायपरव्हायजर, म्हणजे व्हर्च्युअल मशीन चालवणारी सॉफ्टवेअर, ते करतात. खरी परीक्षा पुढे असते, मशीन चालू आहे, आत डेटाबेस पळतोय, आणि खालची मांडणी बदलली, आता हे आतल्या कर्नलला कसं सांगायचं की तो गडबडणार नाही? माझ्या मते ओपन सोर्समध्ये हे सगळ्यात नीट कुठे जमलंय तर आयबीएमच्या झेड मशीनवर (हे मेनफ्रेम, लिनक्समध्ये याचंच नाव एस३९०), लिनक्स केव्हीएम (कर्नलमधला हायपरव्हायजर) आणि क्यूएमू (त्याच्या जोडीने व्हर्च्युअल मशीन उभं करणारा प्रोग्राम) ८.२ किंवा त्यापुढचं, या जोडीत. कर्नलची बाजू २०२२ मध्ये ६.० ला आली, क्यूएमूची बाजू डिसेंबर २०२३ ला ८.२ मध्ये. त्यावर मराठीत कुणी काही लिहिलेलं मला दिसलं नाही, आणि पुण्या-मुंबईत मेनफ्रेमवर लिनक्स चालवणारी मंडळी कमी नाहीत, म्हणून सविस्तर लिहितोय.

आधी ज्यांनी झेड बघितलंच नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. झेड१६ घ्या, २०२२ चं मशीन. एका टेलम चिपवर ८ कोर, दोन चिप मिळून एक मॉड्यूल, एका ड्रॉवरमध्ये अशी चार मॉड्यूल, आणि जास्तीत जास्त चार ड्रॉवर. प्रत्येक कोरला स्वतःची ३२ एमबी एल२ कॅश, आणि चिपवरच्या आठही कोरच्या एल२ मिळून २५६ एमबीची व्हर्च्युअल एल३ तयार होते. आता दोन थ्रेड एकाच डेटावर काम करत असतील तर ते एका चिपवर असणं आणि वेगवेगळ्या ड्रॉवरमध्ये असणं यात खूप फरक पडतो, दुसऱ्या ड्रॉवरमधून डेटा आणायचा म्हणजे लांबचा प्रवास. शेड्युलरला, म्हणजे कुठलं काम कुठल्या सीपीयूवर चालवायचं ते ठरवणाऱ्या कर्नलच्या भागाला, ही मांडणी माहीत असेल तर तो कामं जवळजवळ ठेवतो. माहीत नसेल तर त्याला सगळे सीपीयू सारखेच, कुठलंही काम कुठेही टाकतो. लिनक्सच्या एस३९० कर्नलमध्ये शेड्युलरच्या पातळ्यासुद्धा अशाच आहेत, कोरमधले थ्रेड, मग सॉकेट, मग बुक (सॉकेट आणि ड्रॉवरच्या मधली पातळी), मग ड्रॉवर.

पण क्यूएमू ८.२ च्या आधी केव्हीएम गेस्टला, म्हणजे आतल्या व्हर्च्युअल मशीनला, यातलं काहीच दिसत नव्हतं. होस्टवर, म्हणजे बाहेरच्या लिनक्सवर, सगळं छान दिसायचं, एलएससीपीयू (सीपीयूची माहिती दाखवणारी कमांड) मारला की ड्रॉवर-बुक-सॉकेटचे कॉलम समोर, आणि गेस्टमध्ये गेलं की सगळं सपाट.

आता एक्स८६ वर, म्हणजे इंटेल-एएमडीच्या प्रोसेसरवर, काय होतं ते सांगतो, कारण बहुतेक वाचक तिकडचेच असणार. तिथे टोपोलॉजी, म्हणजे प्रोसेसरची मांडणी, सीपीयूआयडी नावाच्या इन्स्ट्रक्शनमधून कळते, हायपरव्हायजर त्यात जे भरेल ते गेस्टला दिसतं. गेस्ट ते बूटच्या वेळी वाचतो, प्रत्येक नवीन सीपीयू वर येताना वाचतो, आणि मग तेच डोक्यात धरून चालतो. "मांडणी बदलली, परत वाच" असं सांगायची सोयच त्या आर्किटेक्चरमध्ये नाही. केव्हीएमने तर पुढे जाऊन नियमच केला की व्हीसीपीयू (गेस्टचा व्हर्च्युअल सीपीयू) एकदा पळाला की त्याचं सीपीयूआयडी बदलता येणार नाही, आणि हे बरोबरच आहे, कारण गेस्टला एकदा एक सांगून मागून गुपचूप दुसरं दाखवणं हे सगळ्यात वाईट. तो नियम पहिल्यांदा आला तेव्हा क्यूएमूचं हॉटप्लगच (चालू गेस्टला सीपीयू जोडणं) अडखळलं, कारण क्यूएमू काढलेल्या सीपीयूचाच फाईल डिस्क्रिप्टर परत वापरतं आणि त्यावर सीपीयूआयडी परत सेट करतं, मग नियम थोडा सैल केला, तीच माहिती परत दिली तर चालेल, वेगळी दिली तर नाही. म्हणजे एक्स८६ वर सुरक्षिततेचं उत्तर "बदलूच नका" असं आहे. चालतं, पण त्याची किंमत असते. व्हीएमवेअरवाल्यांना आठवत असेल, सीपीयू हॉट ॲड चालू केलं की गेस्टला व्हीएनयूएमए (कुठला सीपीयू कुठल्या मेमरीजवळ आहे याचा नकाशा) दिसणं बंद व्हायचं, वर्षानुवर्षं हेच होतं, व्हीस्फिअर ८ मध्ये जाऊन त्याला पर्याय आला.

झेडवर मात्र आर्किटेक्चरमध्येच दोन इन्स्ट्रक्शन आहेत. एक एसटीएसआय, तिचा १५.१ वाला प्रकार मारला की पूर्ण टोपोलॉजीची यादी मिळते, कुठल्या ड्रॉवरात कुठलं बुक, त्यात कुठलं सॉकेट, त्यात कुठले कोर. दुसरी पीटीएफ, तिचे तीन कोड: ० म्हणजे हॉरिझॉन्टल कर, १ म्हणजे व्हर्टिकल कर (हे दोन काय ते पुढे सांगतो), आणि २ म्हणजे "मी मागे यादी वाचली त्यानंतर काही बदललंय का?" एवढंच. हो किंवा नाही.

सगळी गंमत या २ नंबरात आहे. हायपरव्हायजर गेस्टच्या मेमरीत जाऊन काही लिहीत नाही, इंटरप्ट मारत नाही, काय बदललं ते सांगतही नाही. शाळेच्या बोर्डावर फक्त "वेळापत्रक बदललंय, ऑफिसात येऊन बघा" एवढंच लिहावं तसं. ज्याला गरज आहे तो आपल्या सवडीने जातो आणि पूर्ण नवीन वेळापत्रक बघून येतो, अर्धवट बदल कुणाच्या हातात पडतच नाही. मध्ये दोनदा-तीनदा बदल झाला तरी बिघडत नाही, "बदल झालाय" सांगणारा एकच बिट वर राहतो आणि गेस्ट जेव्हा वाचेल तेव्हा शेवटची खरी स्थिती वाचतो. रांगा नाहीत, हरवलेले मेसेज नाहीत.

आणि विचारण्याचा खर्च जवळजवळ शून्य. पीटीएफ २ चं उत्तर हार्डवेअर स्वतःच देतं, गेस्टमधून बाहेर पडून केव्हीएमकडे यावंच लागत नाही. ० आणि १ मात्र बाहेर येतात आणि क्यूएमूकडे जातात, एसटीएसआय १५.१ पण. ही विभागणी मला फार आवडली. जे सतत विचारलं जातं ते हार्डवेअरमध्ये, जे क्वचित लागतं आणि ज्यात निर्णय असतो ते युजरस्पेसमध्ये, म्हणजे कर्नलबाहेर क्यूएमूमध्ये.

आता "सुरक्षित" हा शब्द कर्नलच्या बाजूने किती मनावर घेतलाय ते बघा, हा भाग मी कोड उघडून वाचलाय आणि ज्याला सी येतं त्याने वाचावाच, छोटंसंच फंक्शन आहे. "बदल झालाय" हा बिट राहतो एससीए नावाच्या ब्लॉकमध्ये, हा ब्लॉक गेस्टच्या सगळ्या व्हीसीपीयूंचा सामायिक, आणि हार्डवेअरसुद्धा तो वाचत असतं. म्हणजे एका वेळी त्याला हात लावणारे बरेच जण. म्हणून बिट बदलताना सरळ लिहून टाकत नाहीत, जुनी किंमत वाचायची, त्यात फक्त आपला बिट बदलायचा, आणि कम्पेअर-एक्स्चेंज करायचं, मध्ये कुणी बदललं असेल तर परत. बाजूच्या बिटांना धक्का नाही. आणि मी वाचलेल्या आवृत्तीत याच्या बाहेरून एक लॉक होतं, कारण तिथे एससीए दोन प्रकारचा होता, बेसिक मध्ये ६४ सीपीयू मावायचे, एक्स्टेंडेड मध्ये २४८, आणि ६४ च्या पुढे गेलं की केव्हीएम चालू गेस्टखालचा ब्लॉकच बदलायचं. नेमकं त्याच क्षणी तुम्ही जुन्या ब्लॉकमध्ये "बदल झालाय" लिहिलंत तर ते कधीच कुणाला कळणार नाही. म्हणून लॉक. इतका बारीक विचार केलेला बघितला की त्या कोडवर विश्वास बसतो.

क्रमाचंही तसंच आहे. गेस्टने नवी यादी मागितली की बिट खाली यायला हवा, पण आधी बिट खाली आणि मग यादी बनवायची, असाच क्रम हवा. उलट केलं, म्हणजे यादी बनवली, तेवढ्यात ॲडमिनने एक कोर हलवला, बिट वर गेला, आणि मग आपण तो खाली केला, तर तो बदल गेला. अशा जागा टेस्टिंगमध्ये सहज सापडत नाहीत, प्रॉडक्शनमध्ये सहा महिन्यांनी सापडतात.

वापरायला कसं आहे? मशीन टाईप एस३९०-सीसीडब्ल्यू-व्हर्टिओ ८.२ किंवा नंतरचा लागतो, केव्हीएम लागतं, आणि सीपीयू मॉडेल होस्ट ठेवलं तर फीचर आपोआप चालू. दुसरं कुठलं मॉडेल असेल, जेन१६बी वगैरे, तर सीटॉप हा फ्लॅग स्वतः ऑन करायचा. बऱ्याच जणांना हे खटकतं, डिफॉल्ट चालू का नाही म्हणून, पण ज्यांच्याकडे काही होस्ट जुन्या कर्नलवर आणि काही नव्यावर आहेत आणि गेस्ट इकडून तिकडे लाईव्ह मायग्रेट होतात (न थांबता दुसऱ्या होस्टवर जातात) त्यांच्यासाठी हेच बरोबर आहे. गेस्टला एकदा फीचर दाखवलं की ते पुढच्या होस्टवर असलंच पाहिजे, त्यामुळे ते तुम्ही जाणीवपूर्वक चालू करावं. मग क्यूएमूच्या एसएमपीच्या ओळीत ड्रॉवर, बुक, सॉकेट, कोर किती ते द्यायचं, आणि मॅक्ससीपीयू (जास्तीत जास्त सीपीयू) पुढच्या वाढीचा विचार करून द्यायचं, कारण हा साचा नंतर बदलत नाही. साच्याच्या आत कोर मात्र हलवता येतात.

हलवायची कमांड सेट-सीपीयू-टोपोलॉजी, क्यूएमूच्या मॉनिटरवरून द्यायची. कोर नंबर, कुठल्या ड्रॉवर-बुक-सॉकेटमध्ये न्यायचा, एन्टायटलमेंट (सीपीयूच्या वेळेवरचा हक्क) किती, डेडिकेटेड (राखीव) आहे की नाही. भरलेल्या सॉकेटमध्ये घालायला गेलात तर सरळ नाही म्हणतं. डेडिकेटेड ठेवून एन्टायटलमेंट लो द्यायला गेलात तरी नाही म्हणतं. हे मला बरं वाटलं, चुकीची मांडणी गेस्टपर्यंत पोचायच्या आधीच दारात अडवली जाते.

आता गेस्टमध्ये बसून हे बघा, मजा येते. एका टर्मिनलवर एलएससीपीयू डॅश ई, दुसऱ्यावर युडेव्हॲडम मॉनिटर (कर्नलचे इव्हेंट दाखवणारी कमांड) लावून ठेवायचा. होस्टवरून एक कोर दुसऱ्या बुकमध्ये हलवायचा. लगेच काहीच होत नाही, आणि पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटतं कमांड लागलीच नाही. पण गेस्टचा कर्नल शांतपणे चालू असताना दर ६० सेकंदांनी पीटीएफ २ मारतो, त्यामुळे मिनिटभर धीर धरायचा. मग अचानक युडेव्हच्या खिडकीत प्रत्येक ऑनलाईन सीपीयूसाठी चेंज इव्हेंट धडाधड येतात, कर्नल शेड्युलरचे डोमेन नव्याने बांधतो, आणि एलएससीपीयू परत मारला की त्या कोरच्या बुकच्या कॉलममधला आकडा बदललेला. आतलं एकही प्रोसेस थांबलेलं नसतं. बदल गेस्टने स्वतः मागितला असेल, म्हणजे गेस्टमध्ये सीएचसीपीयू डॅश पी व्हर्टिकल ही कमांड वगैरे, तर कर्नल काही काळ दर १०० मिलिसेकंदांनी विचारतो, तिथे वाट बघावी लागत नाही.

त्या व्हर्टिकलबद्दल थोडं सांगायलाच हवं. हॉरिझॉन्टल म्हणजे सगळ्या सीपीयूंना सारखा वाटा. व्हर्टिकल म्हणजे काही सीपीयू हाय, काही मीडियम, काही लो, आणि गेस्टच्या शेड्युलरने हायवाल्यांवर जास्त काम टाकावं अशी अपेक्षा. गेस्टने व्हर्टिकल मागितलं की क्यूएमू बाहेर सीपीयू पोलरायझेशन चेंज नावाचा इव्हेंट सोडतं.

आणि इथे माझी मोठी तक्रार, किंवा इशारा म्हणा. तो इव्हेंट ऐकून खरं काम करायचं ते तुम्ही. क्यूएमू एन्टायटलमेंट हाय म्हणून गेस्टला सांगेल, पण होस्टचा शेड्युलर त्या व्हीसीपीयूला जास्त वेळ देईल असं अजिबात नाही, त्यासाठी पिनिंग (व्हीसीपीयू होस्टच्या ठराविक सीपीयूला बांधणं) आणि सीग्रुपचे शेअर (लिनक्समधली सीपीयूच्या वेळेची वाटणी) तुम्हालाच लावायचे. टोपोलॉजीचंही तेच. गेस्टला तुम्ही सांगितलं की कोर ५ दुसऱ्या ड्रॉवरमध्ये आहे, आणि होस्टवर तो व्हीसीपीयू पिन केलेलाच नाही, तर तो कुठेही फिरतोय आणि गेस्टचा शेड्युलर खोट्या नकाशावर निर्णय घेतोय. हे सपाट नकाशापेक्षा वाईट. सपाट असताना निदान तो काही गृहीत धरत नव्हता. मी ज्यांना ज्यांना हे फीचर दाखवलं त्यांना पहिलं हेच सांगितलं, आधी पिनिंग करा, मगच सीटॉप ऑन करा, पिनिंग जमणार नसेल तर राहू द्या.

शिवाय झेडवर लिनक्स होस्ट स्वतःच एलपारमध्ये (मशीनच्या एका विभागात) असतो, त्याच्या खाली पीआरएसएम (झेडचा स्वतःचा फर्मवेअरमधला हायपरव्हायजर) असतं, आणि एलपारच्या प्रोसेसरांची जागा पीआरएसएम बदलू शकतं. तसं झालं की होस्टच्या लिनक्सला कळतं, याच पीटीएफ २ मधून. पण तिथून पुढे गेस्टपर्यंत ते आपोआप जात नाही. होस्टचा चेंज इव्हेंट पकडून, नवी मांडणी वाचून, पिनिंग बघून, प्रत्येक गेस्टसाठी सेट-सीपीयू-टोपोलॉजी मारणारी स्क्रिप्ट तुमची तुम्हाला लिहावी लागते. खालचा एक जिना आणि वरचा एक जिना दोन्ही उत्तम बांधलेत, मधला मजला आपण बांधायचा. आपोआप केलं नाही यामागचं कारण मला पटतं, व्हीसीपीयू क्षणोक्षणी फिरतो, प्रत्येक फिरण्याला गेस्टला "बदललं" म्हणून उठवलं तर तो दिवसभर शेड्युलर डोमेनच बांधत बसेल. तरी पण पिन केलेल्या गेस्टसाठी तयार एखादं टूल सोबत मिळायला हवं होतं, निदान नमुना म्हणून.

दुसरी तक्रार, सेट-सीपीयू-टोपोलॉजी ही कमांड आलीच अनस्टेबल असा शिक्का घेऊन, म्हणजे तिचं रूप पुढे बदलू शकतं असं तेच सांगतात. व्हर्शमधून (लिबव्हर्ट या व्हर्च्युअल मशीन सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरची कमांड) क्यूएमू-मॉनिटर-कमांड मारून ती चालवली की लिबव्हर्ट त्या गेस्टला टेंटेड, म्हणजे नेहमीच्या चौकटीबाहेर हात लागलेलं, म्हणून नोंदवतं. आमच्या क्षेत्रात ऑडिटवाले लॉगमधला तो शब्द बघून प्रश्न विचारतात आणि मग समजावत बसावं लागतं. ज्यांच्याकडे बदलाला चार सह्या लागतात त्यांनी हे आधीच लेखी मंजूर करून घ्यावं.

आणि तिसरं, सीपीयू हॉटप्लग होतं पण हॉट-अनप्लग एस३९० च्या क्यूएमूमध्ये नाही. वाढवता येतं, काढता येत नाही, गेस्टच्या आतून ऑफलाईन करणं एवढंच हातात.

अजून एक जे फीचरच्या हातात नाही पण वापरणाऱ्याला माहीत हवं. कर्नलला कळलं म्हणजे ॲप्लिकेशनला कळलं असं नाही. जो प्रोग्राम सुरू होताना एकदाच सीपीयूची मांडणी वाचतो आणि त्यावरून थ्रेड बांधून टाकतो त्याला नंतर कोर हलल्याचा पत्ता नसतो. तुमच्या डेटाबेसमध्ये किंवा मेसेजिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये कोर ॲफिनिटी (कुठला थ्रेड कुठल्या कोरवर ते) हाताने लावलेली असेल तर युडेव्हचा नियम लिहून तिथे काहीतरी हलवायची सोय करा, नाहीतर मांडणीचा बदल त्या सॉफ्टवेअरच्या रीस्टार्टच्या विंडोमध्येच करा.

ज्यांना वाटतं की हे उगाच कौतुक चाललंय, त्यांनी पॉवरची, म्हणजे आयबीएमच्याच दुसऱ्या प्रोसेसर मालिकेची, गोष्ट बघावी. तिथेही खालचा हायपरव्हायजर चालू लिनक्सला प्रोसेसरचं नवं घर सांगू शकत होता, आणि लिनक्स रनटाईमला सीपीयूचा एनयूएमए नोड (सीपीयू आणि त्याच्या जवळची मेमरी यांचा गट) बदलायचा. पण लिनक्सच्या बाकीच्या भागांनी गृहीत धरलेलं असतं की सीपीयू आणि नोडचं नातं बूटनंतर बदलत नाही. शेवटी २०२० मध्ये पॉवरच्या कर्नलमधून रनटाईमचं ते अपडेट काढून टाकलं. झेडवर ही अडचण का येत नाही? कारण एस३९० लिनक्समध्ये सगळे सीपीयू एकाच नोडवर धरलेले असतात, टोपोलॉजी फक्त शेड्युलरच्या डोमेनपुरती आहे, आणि ते डोमेन परत बांधायची वाट कर्नलमध्ये आधीपासून रुळलेली आहे. म्हणजे कळवण्याची पद्धत सुरक्षित असून भागत नाही, ऐकणाऱ्याच्या आत जे बदलणार आहे तेही बदलण्याजोगं असावं लागतं. ही गोष्ट या फीचरच्या बाजूने उभी आहे आणि एक्स८६ वर हेच का उचलून नेता येत नाही त्याचंही अर्धं कारण हेच.

मग घ्यावं का? तुमच्याकडे झेड किंवा लिनक्सवन (आयबीएमचं फक्त लिनक्ससाठीचं मेनफ्रेम) आहे, गेस्ट मोठे आहेत, एका चिपमध्ये मावत नाहीत असे, आणि पिनिंग करता येतंय, तर नक्की चालू करा, माझ्याकडून पाचपैकी चार. छोटे छोटे दोन-दोन व्हीसीपीयूचे गेस्ट भरपूर असतील आणि होस्ट ओव्हरकमिट असेल (खऱ्या सीपीयूंपेक्षा जास्त व्हीसीपीयू वाटलेले) तर काही उपयोग नाही, सीटॉप बंदच ठेवा. आणि जे मध्ये आहेत, ज्यांना पुढेमागे लागेल असं वाटतंय, त्यांनी आत्ता निदान मशीन टाईप ८.२ किंवा पुढचा करून ठेवावा आणि होस्टचे कर्नल एकसारखे करून घ्यावेत. पाचवा स्टार मी त्या कमांडवरचा अनस्टेबलचा शिक्का निघाला की देईन.